संगणकाची निद्रा व शीतनिद्रा

वापरात नसलेल्या मेज-संगणकाचा विद्युत् व्यय कमी करावा, परंतु त्यावर अर्धवट राहिलेले काम मात्र नष्ट होऊ नये, या दुहेरी हेतूने संगणकाला ज्या दोन विश्रांत अवस्थांत ठेवता येते, त्यांना अनुक्रमे निद्रा व शीतनिद्रा असे म्हणतात. व्यवहारात स्लीप आणि हायबरनेट ही नावे अधिक रूढ आहेत. निद्रेत चालू कामाची संपूर्ण स्थिती संगणकाच्या कार्यस्मृतीत म्हणजेच रॅममध्ये तशीच राहते व तेवढ्या स्मृतीला अल्प विद्युत् पुरवठा चालू ठेवला जातो. शीतनिद्रेत हीच स्थिती कायम साठवणीच्या तबकडीवर लिहून ठेवली जाते व त्यानंतर संगणक पूर्णपणे बंद होतो. पहिली अवस्था काही क्षणांत संपविता येते, पण ती विजेवर अवलंबून असते. दुसरीला वीज लागत नाही, परंतु तिच्यातून बाहेर येण्यास अधिक वेळ लागतो. या दोहोंतील निवड वरवर पाहता सोयीची बाब वाटते. तथापि जेथे वीजपुरवठा अखंड नसतो, अशा प्रदेशांत ती कामाच्या सुरक्षिततेशी निगडित असते. महाराष्ट्रातील रत्नागिरी जिल्हा हे याचे बोलके उदाहरण होय.

संज्ञा : शीतनिद्रा ही संज्ञा प्राणिशास्त्रातून आलेली आहे. थंड प्रदेशांतील काही प्राणी हिवाळ्यात शरीरक्रिया अत्यंत मंद करून निश्चल पडून राहतात, त्या अवस्थेस शीतनिद्रा किंवा शीतसुप्ती म्हणतात. कोकणासारख्या उष्ण प्रदेशात तिचा प्रतिरूप प्रकार आढळतो. जमीन कोरडी पडल्यावर बेडकांच्या काही जाती मातीत पुरून घेऊन पहिल्या पावसाची वाट पाहतात. तिला ग्रीष्मनिद्रा म्हणतात. संगणकाच्या बाबतीत हे नाव अन्वर्थक नाही. शीतनिद्रेतील प्राण्याचे हृदय मंद गतीने का होईना, पण चालू असते. त्याचे प्राणधारण कधीही थांबत नाही. शीतनिद्रेतील संगणकात मात्र चालू असे काहीही उरत नाही. त्याची तार भिंतीवरील खोबणीतून काढून घेतली तरी त्याचे बिघडत नाही. प्राण्याच्या शीतनिद्रेशी खरे साम्य आहे, ते संगणकाच्या साध्या निद्रेचे. नावांच्या या विसंगतीमुळे नवख्या वापरकर्त्याचा गोंधळ होतो आणि वीज तोडली तरी चालेल अशी अवस्था कोणती, याविषयी चुकीची समजूत होऊ शकते.

स्मृतीचे दोन प्रकार : हा प्रश्न मुळात का उद्‌भवला, हे समजण्यासाठी संगणकाच्या स्मृतीचा इतिहास पाहणे आवश्यक आहे. सुरुवातीच्या अनेक संगणकांत फेराइट या चुंबकीय द्रव्याची बारीक कडी तारांत ओवून स्मृती तयार करीत. प्रत्येक कड्याच्या चुंबकनाची दिशा हीच साठविलेली माहिती असे आणि वीज गेली, तरी ती दिशा बदलत नसे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला व फेब्रुवारी १९६० मध्ये कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा संगणक याच प्रकारचा होता. त्याची चुंबकीय स्मृती २,०४८ शब्दांची असून प्रत्येक शब्द ४० अंकांचा होता. चुंबकीय कड्यांची स्मृती असलेल्या पुढील काळातील काही लहान संगणकांत वीज खंडित होत असल्याचे ओळखून संस्कारकातील उरलेले अंक तत्काळ स्मृतीत उतरवून ठेवण्याची आणि वीज परत येताच काम पुढे चालू करण्याची सोय होती. आजच्या शीतनिद्रेचा हेतू तेथे वेगळ्या प्रयत्नाविना साध्य होत असे.

आय.बी.एम. या कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये गतिक स्मृतीचे एकस्व मिळाले आणि १९७० मध्ये इंटेल कंपनीने १,०२४ अंक साठविणारी ११०३ ही गतिक स्मृतीची चकती बाजारात आणली. या प्रकारात प्रत्येक अंक हा एका सूक्ष्म धारित्रातील विद्युत् भाराच्या रूपाने साठविला जातो. हा भार सतत गळत असल्यामुळे ठराविक काळाने तो पुन्हा भरावा लागतो; प्रचलित गतिक स्मृतीत हा काळ सर्वसाधारणपणे ६४ मिलिसेकंद असतो. ही स्मृती स्वस्त, लहान व जलद ठरली आणि काही वर्षांतच तिने चुंबकीय कड्यांना मागे टाकले. परंतु तिच्याबरोबर एक दोषही आला. वीज गेली की, तीत साठविलेले सर्व काही नाहीसे होऊ लागले. वैयक्तिक संगणकाचा जन्म याच स्मृतीच्या आधारे झाल्यामुळे वीज जाण्यापूर्वी काम जतन करणे, हे वापरकर्त्याचे कायमचे कर्तव्य होऊन बसले. निद्रा व शीतनिद्रा या दोन्ही योजना म्हणजे या एकाच दोषावरील दोन वेगवेगळे उपाय होत : पहिली विजेचा पुरवठा तुटू देत नाही, तर दुसरी माहितीच अन्यत्र हलविते.

इतिहास : शक्तिबचतीचे पहिले प्रयत्न मेज-संगणकासाठी झालेले नाहीत. विद्युत् घटावर चालणाऱ्या वाहतुकीय संगणकाचा चालण्याचा काळ वाढविणे, हा त्यांचा मूळ उद्देश होता. इंटेलने १९९० मध्ये वाहतुकीय संगणकांसाठी ३८६ एस्‌एल हा सूक्ष्मसंस्कारक काढला. त्यात प्रचालन प्रणालीच्या नकळत संस्कारकाला थांबवून शक्तिव्यवस्थापनाचे काम करून घेणारी एक स्वतंत्र कार्यरीती अंतर्भूत होती. जानेवारी १९९२ मध्ये इंटेल व मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी मिळून प्रगत शक्तिव्यवस्थापन म्हणजेच एपीएम हे मानक प्रसिद्ध केले. त्यानुसार संगणकाला केव्हा झोपवावे, हे ठरविण्याचे काम मुख्यतः मुद्रणपट्टावरील मूलभूत आज्ञावलीकडे म्हणजे बायॉसकडे होते. या काळातील काही वाहतुकीय संगणकांत स्मृतीची प्रत उतरविण्यासाठी तबकडीचा एक वेगळा भाग राखून ठेवीत. शीतनिद्रेचे हे प्रारंभीचे रूप म्हणता येईल. प्रत्येक उत्पादकाची पद्धत निराळी असल्यामुळे तिचा प्रसार मात्र मर्यादित राहिला.

मेज-संगणकाकडे लक्ष वेधले गेले, ते विजेच्या देयकामुळे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ मध्ये एनर्जी स्टार ही ऐच्छिक चिन्हांकन योजना सुरू केली. संगणक व त्याचे पडदे ही या योजनेत आलेली पहिली उत्पादने होत. वापर होत नसता ३० वॉट वा त्याहून कमी शक्तीच्या अवस्थेत आपोआप जाणे, ही तिची मूळ अट होती. एप्रिल १९९३ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय शासनाने आपल्या कार्यालयांसाठी असेच संगणक विकत घेण्याचा आदेश काढला. शासन हा मोठा ग्राहक असल्यामुळे उत्पादकांना त्याची दखल घ्यावी लागली. त्याच वर्षी पडद्यांना टप्प्याटप्प्याने निष्क्रिय करण्याचे मानक तयार झाले. तोपर्यंत अनेक कार्यालयांत हलत्या चित्रांचा पडदारक्षक हेच बचतीचे साधन समजले जाई. वस्तुतः पडदारक्षकामुळे जुन्या ऋण किरण नलिकेच्या पडद्याचा पृष्ठभाग डागाळण्यापासून वाचत असे. विजेची बचत त्यामुळे होत नव्हती.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे इंटेलने १९९५ मध्ये प्रसृत केलेला एटीएक्स हा मेज-संगणकाच्या रचनेचा नमुना होय. पूर्वीच्या संगणकात पुढील बटण दाबले की, मुख्य वीजच तुटत असे. नव्या रचनेत हे बटण केवळ इशारा देण्याचे काम करू लागले आणि संगणक बंद दिसत असतानाही ५ व्होल्टचा एक अल्प राखीव पुरवठा मुद्रणपट्टाला मिळत राहिला. मेज-संगणकाची निद्रा या राखीव पुरवठ्यावरच शक्य झाली. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी प्रगत विन्यास व शक्ती आंतरपृष्ठ हे मानक प्रसिद्ध केले. ते एसीपीआय या संक्षेपाने ओळखले जाते. या मानकाने निर्णयाचा अधिकार बायॉसकडून प्रचालन प्रणालीकडे सोपविला आणि अवस्थांना क्रमांक दिले. एस-० ही जागृतावस्था, एस-३ ही स्मृतीवर आधारित निद्रा, एस-४ ही तबकडीवर आधारित शीतनिद्रा आणि एस-५ ही आज्ञावलीद्वारे बंद केलेली अवस्था होय. एस-१ व एस-२ या उथळ निद्रेच्या अवस्था आहेत. २०१३ पासून या मानकाची देखभाल यूईएफआय मंच या संस्थेकडे आहे.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ९८ या प्रणालीत या मानकाचा प्रथम अवलंब झाला आणि फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० मध्ये शीतनिद्रेची सोय प्रचालन प्रणालीतच अंतर्भूत करण्यात आली. २००१ मधील विंडोज एक्सपीमुळे ती घरोघरी पोहोचली. प्रारंभी तीत उणिवा होत्या. एक गिगाबाइट वा त्याहून अधिक स्मृती असलेले काही संगणक शीतनिद्रेत जाण्यास नकार देत व त्यासाठी पुढे दुरुस्ती प्रसृत करावी लागली. लिनक्स या मुक्त प्रणालीच्या केंद्रकात ही सोय २००३ मधील २.६ या आवृत्तीबरोबर सर्वसामान्य वापरासाठी उपलब्ध झाली. ॲपल कंपनीने २००५ मध्ये आपल्या वाहतुकीय संगणकांत निद्रेपूर्वी स्मृतीची प्रत तबकडीवर उतरविण्यास प्रारंभ केला. मेज-संगणकाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची घटना म्हणजे जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्यांसाठी विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टामधील संकरित निद्रा होय. तीत स्मृतीची प्रत तबकडीवर लिहिली जाते आणि त्यानंतर संगणक बंद न होता साध्या निद्रेत जातो. वीज टिकली, तर तो क्षणार्धात जागा होतो. वीज गेली, तर तबकडीवरील प्रतीवरून काम पुन्हा उभे करता येते. ही सोय मेज-संगणकावर सामान्यतः आधीच चालू केलेली असे. ती चालू असता शीतनिद्रेचा स्वतंत्र पर्याय यादीत दिसत नसल्यामुळे तो काढून टाकण्यात आला, असा अनेकांचा समज झाला.

ऑक्टोबर २०१२ मधील विंडोज ८ मध्ये शीतनिद्रेचा आणखी एक उपयोग करण्यात आला. त्यात संगणक बंद करण्याची आज्ञा दिल्यावर वापरकर्त्याची कामे खरोखरच बंद होतात. परंतु प्रचालन प्रणालीचा गाभा तेवढा तबकडीवर लिहून ठेवला जातो. त्यामुळे पुढील आरंभ जलद होतो. या योजनेमुळे बंद करणे व शीतनिद्रेत ठेवणे यांतील सीमारेषा पुसट झाली. एकाच संगणकावर दोन प्रचालन प्रणाली असल्यास पहिली अशा अर्धवट अवस्थेत असताना दुसरीने तिच्या तबकडीवर लेखन केले, तर माहितीची हानी होऊ शकते.

कार्यपद्धती : निद्रेची आज्ञा मिळताच प्रचालन प्रणाली चालू कामांना व जोडलेल्या उपकरणांना सूचना देते, संस्कारकातील अंक स्मृतीत नोंदविते आणि स्मृतीला स्वयंपुनर्भरणाच्या अवस्थेत सोडून इतर भागांची वीज तोडते. पंखे थांबतात, तबकडी स्थिर होते व पडदा काळा पडतो. पुष्कळ संगणकांवर एक लहान दिवा मंदपणे लुकलुकत असतो. संगणक बंद नसून निद्रिस्त आहे, याची तेवढीच बाह्य खूण असते. कळफलकावरील कळ, बटण अथवा जाळ्यातून आलेला विशिष्ट संदेश यांमुळे तो जागा होतो. शीतनिद्रेत स्मृतीतील आवश्यक भाग संक्षिप्त करून तबकडीवरील राखीव फायलीत लिहिला जातो. विंडोज ७ मध्ये ही फाईल प्रारंभी स्मृतीच्या ७५ टक्के आकाराची असे. पुन्हा बटण दाबल्यावर संगणक नेहमीप्रमाणे सुरू होतो. मात्र प्रणाली नव्याने उभी करण्याऐवजी या फायलीतील मजकूर स्मृतीत परत आणला जातो. ४ गिगाबाइट मजकूर लिहावयाचा असल्यास सेकंदाला १०० मेगाबाइट वेगाच्या फिरत्या तबकडीला सु. ४० सेकंद, तर ५०० मेगाबाइट वेगाच्या घनावस्था साठवणीला सु. ८ सेकंद लागतात. संक्षेपामुळे प्रत्यक्षात हा काळ कमी होतो. घनावस्था साठवणीच्या प्रसारामुळे शीतनिद्रेवरील मंदपणाचा मुख्य आक्षेप बराच दुर्बळ झाला आहे.

शक्तिव्यय : मेज-संगणकाचा निद्रेतील व्यय सर्वसाधारणपणे १ ते ५ वॉट, तर शीतनिद्रेतील व्यय १ वॉटच्या आसपास असतो. शीतनिद्रेतही जी किंचित वीज खर्च होते, ती राखीव पुरवठ्यामुळे. भिंतीवरील बटण बंद केल्यास ती शून्य होते. उदाहरणादाखल पडदा वगळून ६० वॉट घेणारा एक संगणक वर्षातील ३०० रात्री प्रत्येकी १४ तास विनाकारण चालू राहिला, असे मानल्यास २५२ युनिट वीज वाया जाते. तोच संगणक ३ वॉटच्या निद्रेत ठेवल्यास १२.६ युनिट व १ वॉटच्या शीतनिद्रेत ठेवल्यास ४.२ युनिट वीज लागते. यावरून असे दिसते की, खरी बचत संगणक चालू न ठेवण्यात आहे. निद्रा व शीतनिद्रा यांतील फरक वर्षाला अवघा ८.४ युनिटांचा आहे. शिवाय शीतनिद्रेत जाण्यायेण्यासाठी सु. दीड मिनिट ८० वॉट शक्ती अधिक खर्च होते, असे धरल्यास ती २ वॉट-तास होते. ताशी २ वॉट-तासांच्या बचतीतून ती भरून येण्यास एक तास लागतो. म्हणून तासाभराहून कमी विश्रांतीसाठी शीतनिद्रा किफायतशीर ठरत नाही. तात्पर्य, या दोहोंतील निवड बचतीच्या निकषावर करणे फारसे सयुक्तिक नाही. निर्णायक प्रश्न असतो तो हा की, मधल्या काळात वीज टिकेल किंवा नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील स्थिती : या प्रश्नाचे उत्तर रत्नागिरी जिल्ह्यात कधीही सोपे नव्हते. वीजनिर्मितीच्या दृष्टीने हा जिल्हा दरिद्री नाही. कोयना प्रकल्पाचे पाणी सह्याद्री भेदून चिपळूण तालुक्यातील पोफळी येथे उतरते आणि तेथील भूमिगत वीजगृहात १९६२ पासून वीज निर्माण होते. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट आहे. जयगड येथे १,२०० मेगावॉटचे कोळशावरील औष्णिक केंद्र २०१० पासून उभे राहिले. गुहागर तालुक्यातील अंजनवेल परिसरात उभारलेला दाभोळ वीज प्रकल्प तर देशभर गाजला. १९९३ मध्ये त्याचा वीजखरेदी करार झाला, १९९५ मध्ये राज्य शासनाने तो रद्द केला आणि फेरवाटाघाटींनंतर मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. विजेच्या दरावरून वाद होऊन महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाने मे २००१ मध्ये खरेदी थांबविली व प्रकल्प बंद पडला. जुलै २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन होऊन २००६ मध्ये तो पुन्हा सुरू करण्यात आला. पुढे इंधनवायूच्या टंचाईमुळे २०१३ मध्ये त्याची निर्मिती पुन्हा थांबली होती.

हा प्रकल्प निश्चल असतानाच्या काळात व त्यानंतरही काही वर्षे महाराष्ट्राला विजेचा तीव्र तुटवडा सोसावा लागला. विद्युत् मंडळाचे जून २००५ मध्ये विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले आणि भारनियमन हा शब्द राज्यातील घराघरांत परिचित झाला. वितरणातील गळती व देयकांची वसुली यांनुसार विभागांचे गट पाडून भारनियमनाचे तास ठरविण्यात येत. याच सुमारास राज्यात संगणक-साक्षरतेचा प्रसार वेगाने होत होता. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने २००१ मध्ये सुरू केलेला एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला आणि अनेकांनी मेज-संगणक प्रथमच हाताळला. अशा प्रकारे महाराष्ट्रातील मोठ्या वर्गाची संगणकाशी ओळख आणि भारनियमन या दोन घटना समकालीन ठरल्या. वेळापत्रकानुसार जाणाऱ्या विजेपूर्वी काम जतन करून संगणक बंद करणे, ही या पिढीची पहिली सवय होती. शीतनिद्रेची सोय तेव्हाच्या संगणकांत उपलब्ध असूनही मूलभूत पाठांत भर असे तो संगणक रीतसर बंद करण्यावर.

तुटवडा ओसरल्यानंतरही कोकणातील वीजपुरवठ्याच्या अडचणी संपल्या नाहीत. त्यांचे कारण निर्मितीत नसून वितरणात आहे. डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्यांपर्यंत गेलेल्या लांब उघड्या वाहिन्या, त्यांवर झुकलेली झाडे आणि वर्षाकाठी ३,००० मिमी.हून अधिक पाऊस यांमुळे जून ते सप्टेंबर या काळात वीज कोणत्याही क्षणी जाऊ शकते. वळवाच्या व परतीच्या पावसात विजांचा कडकडाट असतो. अशा वेळी उपकरणांच्या तारा खोबणीतून काढून ठेवण्याची प्रथा आहे व ती योग्यही आहे. कारण वाहिनीवर वीज कोसळल्यास उद्‌भवणारा विद्युत् दाबाचा उसळा बटण बंद असले, तरी उपकरणापर्यंत पोहोचू शकतो. तार काढताच साध्या निद्रेतील काम मात्र नष्ट होते. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळात मंडणगड व दापोली तालुक्यांतील विजेचे खांब मोठ्या संख्येने कोसळले व अनेक गावांचा पुरवठा कित्येक दिवस खंडित राहिला. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकले. इतका दीर्घ खंड कोणतेही घट-साधन भरून काढू शकत नाही. तबकडीवरील प्रत मात्र आठवडे लोटले, तरी टिकून राहते.

भिंतीवरील बटणाची सवय हाही येथे विचारात घेण्याजोगा घटक आहे. अमेरिकेत खोबणीला स्वतंत्र बटण सहसा नसते, त्यामुळे निद्रिस्त संगणकाची वीज रात्री तुटण्याचा प्रश्न तेथे क्वचितच येतो. भारतात प्रत्येक खोबणीला बटण असते आणि झोपण्यापूर्वी अथवा कार्यालय बंद करताना सर्व बटणे बंद करणे हे काटकसरीचे व सावधगिरीचे लक्षण मानले जाते. संगणक निद्रेत ठेवून गेलेल्या कर्मचाऱ्याचे काम अशा वेळी शिपायाने सद्‌हेतूने बंद केलेल्या बटणामुळे नाहीसे होऊ शकते. यात दोष व्यक्तीचा नसून, ज्या परिस्थितीसाठी निद्रेची योजना झाली, ती येथे गृहीत धरता येत नाही, हे त्याचे कारण आहे.

निवडीचे निकष : वरील विवेचनावरून काही सर्वसाधारण नियम सांगता येतात. विश्रांती अल्पकाळाची असेल, पुरवठा स्थिर असेल व खोबणीचे बटण चालू राहणार असेल, तर निद्रा सोयीची ठरते. रात्रभराच्या किंवा त्याहून दीर्घ विश्रांतीसाठी, गडगडाटी हवामानात आणि पूर्वसूचना असलेल्या वीजकपातीपूर्वी शीतनिद्रा श्रेयस्कर होय. वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसेल, तर संकरित निद्रेची सोय तपासून ती चालू ठेवावी. अखंडित शक्तिपुरवठा साधन म्हणजेच यूपीएस मेज-संगणकाला सामान्यतः काही मिनिटेच पुरते. त्याचा खरा उपयोग काम चालू ठेवण्यासाठी नसून सुरक्षितपणे थांबण्यासाठी आहे. हे साधन संदेशवाहक तारेने संगणकास जोडल्यास घट उतरू लागताच संगणक आपोआप शीतनिद्रेत जाईल, अशी व्यवस्था करता येते. विंडोजच्या अलीकडील आवृत्त्यांत शीतनिद्रेचा पर्याय शक्तिविषयक यादीत पुष्कळदा दिसत नाही; तो नियंत्रण विभागातून चालू करावा लागतो.

गोपनीयतेच्या दृष्टीनेही दोहोंत फरक आहे. निद्रिस्त संगणकाच्या स्मृतीत तबकडीच्या सांकेतिक कुलपाची किल्ली शिल्लक राहते. वीज तोडल्यानंतरही गतिक स्मृतीतील भार काही सेकंद, तर स्मृती थंड केल्यास त्याहून बराच अधिक काळ टिकतो व त्यातून अशी किल्ली वाचता येते, हे प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी अन्य सहकाऱ्यांसह २००८ मध्ये दाखवून दिले. उलटपक्षी शीतनिद्रेत स्मृतीतील सर्व मजकूर तबकडीवर उतरत असल्यामुळे ती तबकडी सांकेतिक कुलपाने बंद नसेल, तर तो मजकूर कोणालाही वाचता येईल. म्हणून संवेदनशील कागदपत्रे हाताळणाऱ्या कार्यालयांत सांकेतिक कुलूप व शीतनिद्रा यांचा एकत्रित अवलंब करणे इष्ट होय.

मर्यादा : शीतनिद्रेमुळे घनावस्था साठवणीची झीज होते, असा आक्षेप घेण्यात येतो. २५० गिगाबाइटच्या साठवणीला उत्पादक साधारणपणे १०० ते १५० टेराबाइट लेखनाची हमी देतात. रोज ३ गिगाबाइट लेखन झाले, तरी वर्षाला ते १.१ टेराबाइटच्या आसपास भरते. त्यामुळे या आक्षेपात फारसे तथ्य नाही. जुनी अथवा सदोष चालक-आज्ञावली असलेली काही उपकरणे मात्र जागी होताना अडखळतात व संगणक सक्तीने बंद करावा लागतो. दिवसेंदिवस निद्रा व शीतनिद्रा यांवरच राहिलेल्या संगणकाचा अधूनमधून पूर्ण पुनरारंभ करणेही आवश्यक असते. अन्यथा सुरक्षाविषयक दुरुस्त्या अपुऱ्या राहतात.

याहून महत्त्वाची मर्यादा अशी की, या दोन्ही अवस्था केवळ विजेच्या अभावापासून संरक्षण देतात. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या पुराने चिपळूण शहरातील तळमजले पाण्याखाली गेले. अशा प्रसंगी स्मृतीतील मजकूर व तबकडीवरील प्रत या दोहोंचे भवितव्य एकच असते. शीतनिद्रा ही कामाची स्थिती जतन करण्याची रीत आहे, कामाच्या प्रती जतन करण्याची नव्हे. कागदपत्र प्रथम रीतसर जतन करावे, त्याची एक प्रत दुसऱ्या जागी, शक्यतो उंचावर किंवा दुसऱ्या गावी ठेवावी आणि त्यानंतर संगणकाला कोणत्या निद्रेत ठेवावे याचा विचार करावा, असा क्रम कोकणातील हवामानात विशेष हितावह ठरतो.